चादरीखालचे किडे

"माझ्या मोटरसायकलला माझ्याशिवाय वाराही शिवत नाही!"

घड्याळवाले हे वाक्य दर रविवारी सकाळी गाडीवरची चादर ओढताना म्हणत. आठवडाभर ते पायी दुकानात जात, डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करत, आणि गाडी अंगणात चादर पांघरून निजलेली असे. रंग तिचा मोरपंखी. उन्हात निळा, सावलीत हिरवा. तो मिसळणारा रंगारी कधीच देवाघरी गेला होता आणि जाताना मापं कोणालाच सांगून गेला नव्हता. एक ओरखडा पडला, तर तो जन्माचा!

त्या रविवारी चादर उचलली आणि घड्याळवाल्यांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. दिव्यावर किडे, टाकीच्या कपाळावर किडे! वाळलेले, घट्ट चिकटलेले, पंख पसरून आडवे झालेले.

त्यांनी भिंग चढवलं. "हा हिरवा किडा आपल्या गल्लीतला नाही. हा तळ्याकाठचा!"

"अहो, किड्याचा पत्तासुद्धा कळतो का भिंगातून?" बायकोने दारातून विचारलं. आवाज जरा जास्तच गोड होता, पण घड्याळवाल्यांचा संशय तोवर भलतीकडेच निघाला होता.

"चादरीखाली बसून किडा असा चपटा होत नाही. त्यासाठी गाडी सुसाट जावी लागते. कोणीतरी माझी गाडी पळवतंय!"

कोण? दूधवाला? तो हल्ली फारच नम्रपणे बोलतो. की शेजारचे कंपाउंडर? परवाच विचारत होते, गाडी पेट्रोल किती खाते म्हणून. सरळ माणूस असलं कशाला विचारेल?

घड्याळवाल्यांनी दुकानातला बारीक चिमटा आणला आणि काटा उचलावा तसा एक पंख उचलायला गेले. पंख हलला नाही, चिमटाच निसटला. कर्र! त्यांचं काळीज लंबकासारखं हेलकावलं. रेघ उमटली की सावली पडली? सावलीच होती. पण राग आता कोणावर तरी काढायलाच हवा होता.

"कंपाउंडर! बाहेर या!"

कंपाउंडर अर्ध्या गालावर फेस घेऊन आले. "काय झालं?"

"चष्मा दाखवा."

"चष्मा? कशाला?"

"दाखवा म्हणतो ना!" घड्याळवाल्यांनी चष्मा भिंगाखाली धरला. "हा ठिपका कसला? किड्याचाच ना?"

"साबणाचा फेस वाळलाय तो! अहो, मला सायकलवरसुद्धा घेरी येते! तुमची गाडी मी पळवीन?" कंपाउंडरांनी चष्मा हिसकावून घेतला. "वीस वर्षांचा शेजार, आणि माझी झडती? संपलं! आजपासून बोलणं बंद!"

भांडण मिटवायला बायको लगबगीने आली, हातात भांडी घासायची तारेची घासणी. "एवढ्याशा किड्यांपायी कसलं रणकंदन! आत्ता घासून टाकते."

"थांब!"

आतून घड्याळवाल्यांच्या सासूबाई धावत आल्या. गुडघे दुखतात म्हणून महिनाभर खाट न सोडलेल्या सासूबाई, दोन पायऱ्या एका उडीत!

"अगं, वाळलेला पंख म्हणजे काच! घासलीस की रंग गेला. ओला फडका टाक, पंधरा मिनिटं भिजू दे, मग साबणाच्या पाण्याने हलकेच टिपून घे. सोमवारी मी तशीच तर..."

सासूबाईंनी जीभ चावली.

"सासूबाई," घड्याळवाले हळूच म्हणाले, "सोमवारी काय?"

"नर्स होते तेव्हा तीस वर्षं दुचाकीवर गावं पालथी घातली, जावईबापू. हात शिवशिवतात हो! पण हे किडे माझे नव्हेत. मी दर वेळी पुसून ठेवते."

"माझेही नाहीत!" बायको पटकन बोलून गेली. "मंगळवारी परतल्याबरोबर, किडे वाळायच्या आत, मी लखलखीत पुसली होती."

घड्याळवाल्यांचं भिंग डोळ्यावरून गळून पडलं. कंपाउंडर मात्र खदाखदा हसले. "वा! चोर घरात, आणि झडती माझी! पण मग हे किडे कोणाचे?"

भिंतीपलीकडून एक बांगड्यांचा हात वर आला. हातात ओला फडका.

"काल तळ्यावरून परतायला उशीर झाला हो," कंपाउंडरांची बायको म्हणाली. "पुसायचं राहूनच गेलं."

कंपाउंडरांच्या गालावरचा फेस तिथेच वाळला.

पुढची पंधरा मिनिटं दोन पुरुष टाकीवर ओला फडका धरून मुकाट उभे होते, आणि तीन बायका पायरीवर बसून आठवड्याच्या पाळ्या ठरवत होत्या. पंख भिजून अलगद सुटले. मोरपंखी रंग जसाच्या तसा!

"आणि रविवार?" घड्याळवाल्यांनी चाचरत विचारलं.

"रविवार तुमचाच, जावईबापू," सासूबाई मायेने म्हणाल्या. "पुसायला कोणीतरी हवंच की!"