अग्लायाचा पहिला प्रशिक्षक

थाप कशी मारावी हे आमच्या गावात माझ्याकडून शिकावं! ती परत कशी गिळावी, हे मात्र मला कुणी शिकवलेलं नाही.

व्होल्गाकाठच्या आमच्या क्रीडागृहाचा मी तीस वर्षं रखवालदार. लाकडी फरशी अशी लखलखीत ठेवली की बघणाऱ्याला तिच्यावर चालायची भीती वाटावी! तर एका शनिवारी आम्ही चारपाच जण बान्यात, म्हणजे गावच्या वाफेच्या न्हाणीघरात, वाफ घेत बसलो होतो. विषय अर्थातच अग्लाया कुवशिनोवा. देशाच्या हँडबॉल संघातली आमच्या गावची डावखुरी पोर! निम्म्या गावातल्या मुली तिच्यासारखी आखूड वेणी घालतात, दुधाच्या पिशवीवरही तिचाच फोटो.

"अरे, तिला चेंडू धरायला मी शिकवलं!" मी ठोकून दिलं. वाफेत माणूस काहीही बोलतो हो!

खरं तर कुवशिनोवा आडनावाच्या त्या डावखुऱ्या पोरीला मी हाकललं होतं. हँडबॉलवाल्या चेंडूवर पकड यावी म्हणून बोटांना राळ लावतात. ती राळ माझ्या फरशीवर! फडकं घेऊन मी तिच्या मागे धावलो होतो, "पुन्हा इथे दिसलीस तर याद राख!"

सोमवारी क्रीडागृहाच्या संचालिका राइसा ल्वोव्ना दारात हजर.

"सावेली इग्नात्येविच, खेळाडूच्या नावाबरोबर पहिल्या प्रशिक्षकाचं नाव लागतं आपल्याकडे! आणि तुम्ही गप्प?"

"अहो, तसं काही फार नाही..."

"काय हा विनय!"

बुधवारी पेपरात माझा फोटो. शुक्रवारी भिंतीवर पितळी पाटी, 'पहिले प्रशिक्षक' म्हणून. आणि रविवारी तिचं अनावरण करायला खुद्द अग्लाया!

"तुला फेकलेला बटाटा झेलता येत नाही," बायको क्लावदिया म्हणाली. "तिला शिकवलंस काय, फरशी पुसायला?"

रविवारी सगळं गाव लोटलं. अग्लाया मंचावर आली, टाळ्या थांबेनात. आता ही माईक घेणार, आणि आपली अब्रू जाणार! तिने तोंड उघडायच्या आत मी माईक हिसकावला आणि सगळं ओकलो. राळ, फडकं, थाप, सगळं! लाजेने कान तापले होते.

अग्लाया माझ्याकडे बघतच राहिली.

"काका, मी या क्रीडागृहात आज पहिल्यांदाच येतेय."

"म्हणजे?"

"तुम्ही हाकललंत ती माझी मोठी बहीण, तोन्या. तिचं रडणं बघून आईने मला पहिल्यापासूनच नदीपलीकडच्या संघात घातलं." मग ती हळूच म्हणाली, "खरा हात आमच्या दोघींत तिचाच होता."

जिच्यासाठी हे सगळं केलं ती फरशीसुद्धा दुभंगून मला पोटात घेईना! इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"कुठे असते आता ती?" मी कसंबसं विचारलं.

"ती काय, तिसऱ्या रांगेत."

एक बाई उठली. हसली नाही, नुसता डावा हात वर केला. तो हात मी लगेच ओळखला! गावातली दातांची एकुलती एक डॉक्टर. आडनाव नवऱ्याचं, तोंडावर कायम मास्क, मला कळणार कसं?

गुरुवारी ती माझी दाढ काढणार आहे. तिची मनापासून माफी मागायचं मी ठरवलंय. पण तोंडात चिमटा असताना शब्द नीट फुटतात का हो?