लाल दिवा आणि आत्तीची मुलाखत

बनुआत्तीचा टीव्ही फेकायचा नाही, असं वीरधवलनं ठरवलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

खरं तर ठरवणारा तो कोण? टीव्ही आत्तीचा, घर आत्तीचं. वीरधवल आपला सहा महिन्यांपूर्वी नेदरलँड्समधून पर्यावरणाचं शिकून आटपाडीला आलेला भाचा. (आल्या आल्या त्यानं परसदार आणि शेजाऱ्यांची डोकी, दोन्ही उकरून ठेवली होती.) टीव्ही सुभेदारांनी, म्हणजे आत्तीच्या मालकांनी, मिलिटरी कँटीनमधून आणलेला. पाठीमागं पोट सुटलेला, पण अजून ड्युटीवर.

झालं असं, की आत्तीच्या डाळिंबाच्या बागेत एका वाहिनीचे लोक येऊन तिची मुलाखत घेऊन गेले. मुलाखत दिसणार रविवारी सकाळी अकराला, एकदाच. आणि त्याच रविवारी सांगलीला पुतणीचं, मयूरीचं लग्न!

"मी मोबाईलवर लावते की मांडवात," नवरीची बहीण अंकिता फोनवर म्हणाली.

"मोबाईलवर मी करंगळीएवढी दिसनार," आत्ती म्हणाली. "मला ह्यांच्या टीव्हीवर बघायचंय. समद्या गल्लीला बोलवून."

"मग रेकॉर्ड करू!" वीरधवल म्हणाला. "तंत्रज्ञान नवं, टीव्ही जुना. कचरा शून्य!"

रेकॉर्डिंगवाला डिशचा बॉक्स आला. त्याच्या वायरीचं तोंड चपटं, टीव्हीचं भोक गोल. मधला जोड शोधायला वीरधवल दोनदा साताऱ्याला गेला. दुकानदारानं टीव्हीचा फोटो बघून हात जोडले. "सायेब, बैलगाडीला विमानाचं इंजिन लावायलाय तुमी."

पण लागलं! चित्र आलं. कडा तेवढ्या कापल्या जायच्या. बातम्या देणाऱ्या बाईंचा एक कान कायम पडद्याबाहेर.

"माझं तोंड तेवढं मदी येऊ दे, बाळा," आत्ती म्हणाली.

शनिवारी वीरधवलनं अकराची वेळ लावली. लाल दिवा लावून बॉक्स झोपेल, अकराला आपोआप उठेल, मुलाखत साठवेल. रात्रभर मात्र तो स्वतःच दर तासाला उठून बॉक्स झोपलाय ना ते बघत होता.

रविवारी नऊला जीप दारात आली. आत्ती कुलूप लावून शेवटी बसली. मांडवात वीरधवलचं लक्ष अक्षतांपेक्षा घड्याळावर. अकरा वाजले. सव्वाअकरा. शेवटी त्यानं शेजारच्या अर्जुनाला फोन लावला.

"अर्जुना, खिडकीतून जरा बघ, बॉक्सवर दिवा दिसतोय का?"

"बॉक्सवर फडकं हाय, दादा. मोर काढलेलं."

"फडक्याखाली?"

"फडक्याखालचं कसं दिसंल, दादा? कुलूप तोडू का?"

"नको नको!"

मोराचं फडकं आत्तीनं भरलेलं. म्हणजे तिनं निघताना धूळ बसू नये म्हणून घातलं असणार. वीरधवलनं स्वतःची समजूत काढली; मन मात्र पंगतीत जिलबीबरोबर गोल गोल फिरत राहिलं.

संध्याकाळी परत आल्यावर आत्तीच्या घरी, पुढच्या सोप्यात पंचवीस माणसं. पुढं बचत गटाच्या बायका, मागं अर्जुना, आत्ती लग्नातल्याच पैठणीत. वीरधवलनं रिमोट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. बॅटरी बदलली. बॉक्सवर दोन चापट्या मारल्या. मग त्याची नजर भिंतीवर गेली. बटण बंद!

"आत्ती, हे बटण कुणी बंद केलं?"

"मी," आत्ती ताठ मानेनं म्हणाली. "निघताना बघितलं, टीव्ही बंद, आन् ह्या डब्यावर लाल दिवा. तूच सांगितलंस न्हवं? लाल दिवा म्हंजी वीज खाणारा उंदीर. दिसला की बटन बंद!"

बटणावर वीरधवलच्याच अक्षरातली चिठ्ठी होती: 'वापर नसेल तेव्हा बंद करा.' अशा सतरा चिठ्ठ्या त्यानं घरभर चिकटवल्या होत्या. सहा महिन्यांत एकीनंही कुणाला बटणापर्यंत नेलं नव्हतं.

"पण तो लाल दिवा वेगळा होता," तो क्षीण आवाजात म्हणाला. "तो झोपलेला बॉक्स... अकराला उठून..."

"सहा महिन्यांत पयल्यांदा तुझं ऐकलं बाबा," आत्ती म्हणाली, "आन् माझीच मुलाखत उंदरानं खाल्ली."

कुणी हसेना. आत्ती पदरानं डोळे टिपतेय असं त्याला वाटलं. पण तिनं पदर नुसता खोचला होता. खुर्ची ओढून ती टीव्हीच्या पुढ्यात, ऐन मधोमध बसली.

"तर त्यांनी इचारलं, बनुबाई, कमी पान्यात एवढी डाळिंबं कशी? म्या म्हनलं..."

आणि ती सुरू झाली. वाहिनीवाल्यांचे प्रश्न, स्वतःची उत्तरं, त्यांनी कापून टाकलं असतं ते शिव्यांसकट सगळं. बायका टाळ्या देऊन हसू लागल्या. चित्र स्वच्छ, दोन्ही कान जागेवर.

वीरधवल अजून रिमोट घेऊन मध्येच उभा होता. "एक मिनिट, मी वाहिनीला मेल करून फेरप्रसारण..."

"दादा," मागून अर्जुना ओरडला, "बाजूला सरका. दिसंना झालंय!"