सात नंबरचे सोयरे

पुंडलिकमामांना कोणाचाही चेहरा दाखवा, ते आधी कान पाहतात. मग विचारतात, "आडनाव काय? गाव कोन्तं? मामा कुठले?" एकदा मेहकरच्या दवाखान्यात नर्स त्यांना सलाईन लावत होती. सुई शिरेत जायच्या आत तिची चुलतमावशी हिवरा आश्रमला दिली आहे, हे काढून झालं होतं. सलाईन संपेपर्यंत नर्सच्या धाकट्या भावाला दोन स्थळं सांगून झाली.

जानेफळात मामांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. पण तिथे लोक बियाणं कमी आणि स्थळं जास्त न्यायला येतात. गल्ल्याच्या वर खिळ्याला खताची एक रिकामी थैली टांगलेली असते, तिच्यात अख्ख्या तालुक्यातल्या लग्नाच्या पोरापोरींचे बायोडाटे. त्यांचा सिद्धांत असा : "नाक फसवते सर. कान फसवत नाई. कान खानदानाचे असते."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. असली वाक्यं ऐकली की माझं डोकं फिरतं. पण मामांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहतो, आणि मामी सकाळ-संध्याकाळ चहा पाठवतात. डोकं फिरवून जातो कुठे?

तर अशा माणसाला 'निळं दार' ही मालिका दाखवण्याचं पाप माझं.

मालिका परदेशी, हिंदीत डब केलेली. एका पांढऱ्याफटक हॉलमध्ये अकरा माणसं जागी होतात. आपण कोण, कुठले, काही आठवत नाही. छातीवर फक्त नंबर. खिडकी नाही, घड्याळ नाही. एक निळं दार, तेही बंद, आणि त्याच्यामागून सतत घुमल्यासारखा आवाज. दर शुक्रवारी नवा भाग. जगभर लोक वेडे झाले होते. कोणी म्हणे हे अंतराळयान आहे, कोणी म्हणे हे सगळे मेलेले आहेत, कोणी म्हणे यंत्रमानव. शेजारची वैष्णवी मेहकरला कॉलेजात जाते, ती नेटवरच्या असल्या शंभर थिअऱ्या वाचून आम्हाला सांगायची. दर रविवारी सकाळी दुकानातल्या युरियाच्या पोत्यांवर आमचं अभ्यास मंडळ बसायचं : मी, वैष्णवी आणि मामा.

पहिला भाग पाहून मामांनी दीड मिनिटात निकाल दिला.

"हे लग्न हाय."

"काय?"

"लग्न, लग्न! वऱ्हाडाचे अकरा जन एका हॉलात बसेल हायत. कोनी कोनाले ओळखत नाई. जेवन टायमावर येते. कवा सुटका होईन, कोनी सांगत नाई. दुसरं काय असन सर?"

"मामा, आणि त्या दारामागचा आवाज?"

"जनरेटर."

मी कपाळावर हात मारला. वैष्णवीने मात्र ही थिअरी इंग्रजीत करून नेटवर टाकली. आठवडाभरात तिला ब्राझीलमधल्या एका बाईचा निरोप आला, की आजवर वाचलेल्या सगळ्यांत हीच एक थिअरी मनाला पटते. फक्त वऱ्हाड म्हणजे काय, ते जरा समजावून सांगावं. वैष्णवीने समजावून सांगितलं. मग तिकडच्या लोकांत दोन तट पडले, जनरेटरवाले आणि बिनजनरेटरवाले. आमच्या जानेफळचं नाव असं जगात गाजेल असं वाटलं नव्हतं बुवा.

माझी थिअरी शास्त्रीय होती. मी म्हणालो, तिथे काळ उलटा वाहतोय. फळ्यावर आकृती काढावी तशी मी ती खताच्या पावतीमागे काढून दाखवली. मामांनी चष्मा वर करून ती पाहिली.

"टाईम मागं जाऊन राह्यला म्हनता?"

"हो."

"मंग त्यायच्या दाढ्या काऊन वाढून राह्यल्या?"

वैष्णवी हसून हसून पोत्यावरून घसरली. मी आठ दिवस मंडळात तोंड उघडलं नाही.

मामांची पद्धत वेगळीच. त्यांना दार कशाचं, हॉल कुठला, कोणत्या ग्रहावरचा, कशाशीच घेणं नव्हतं. ते टीव्ही थांबवायचे, पडद्याला नाक लावायचे आणि एकेकाचे कान तपासायचे. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला नोंदी. 'तीन नंबर बाई, डॉक्टरीण वाटते. घास तोंडात घालायच्या आधी हुंगते. नऊ नंबर म्हातारा, भांडखोर. तोबी हुंगते.' खाली दोन रेघा मारून : 'बाप-लेक.'

"अहो मामा, ती गोरी, तो काळासावळा!"

"रंग राहू द्या. कान पाहा, हुंगनं पाहा."

आठव्या भागात निळं दार पहिल्यांदा उघडलं. बाहेरून एक बाई आली आणि तीन आणि नऊ नंबरला नावाने हाक मारून दोघांना घेऊन गेली. ती होती नऊ नंबरची बायको आणि तीन नंबरची आई. म्हणजे मामांचं बरोबर! ब्राझीलच्या बाईचा रडण्याच्या चिन्हांचा निरोप आला. मामा फक्त एवढंच म्हणाले, "मायले पोरगी सापडली. चाला, दुकान उघडू द्या."

मग पुढे तसंच होत गेलं. दार उघडायचं, आपलं माणूस यायचं, हाक मारायचं, नंबर निघून जायचा. मामांचे अंदाज दहातले आठ तरी बरोबर निघाले. आणि हॉलमध्ये शेवटी उरला एकटा सात नंबर. चाळिशीतला, किडकिडीत माणूस. दुसऱ्यांची ताटं उचलायचा, म्हाताऱ्याला उठवून बसवायचा, आणि दार उघडलं की सगळ्यांत आधी तोच उभा राहायचा. मग हळूच खाली बसायचा.

सात नंबरच्या कानाबद्दल मात्र मामा काहीच बोलत नव्हते. मी मुद्दाम डिवचलं, "काय मामा, याचं खानदान सापडेना का?" तर गडी चिडला. एवढ्या दिवसांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"सापडन. त्याले न्यायले कोनी तरी येईन. नाई आलं तं मी सोयरिकी जमवनं सोडतो. लिवून घ्या!"

दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याने ऐकलं. दुपारपर्यंत गावभर झालं. मामांनी बोललेला शब्द फिरवल्याचं कोणाला आठवत नाही, त्यामुळे ज्यांच्या घरी लग्नाच्या पोरी होत्या, ते लोकही धसका घेऊन 'निळं दार' पाहायला लागले. बाजारात बाया एकमेकींना विचारू लागल्या, "काव बाई, त्या सात नंबरचं झालं का काही?"

शेवटचा भाग आला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सात नंबर एकटा बसलेला. दार उघडलं. तो उठला, दोन पावलं पुढे गेला. दारात कोणीतरी होतं, त्याच्याकडे पाहून तो हसला. आणि पडदा पांढरा झाला. संपलं. कोण आलं, दाखवलंच नाही.

जगभर शिव्यांचा पाऊस पडला. बनवणाऱ्यांनी सांगितलं, आम्ही काही उलगडून सांगणार नाही, तुम्हीच समजा. मी दातओठ खाल्ले. वैष्णवीने इंग्रजीतून दिलेल्या शिव्या तर शिक्षक म्हणून मी न वाचलेल्याच बऱ्या.

मामांनी खिळ्यावरची थैली काढली, गाठ मारली आणि आत नेऊन ठेवली.

मला वाटलं, दोन दिवसांचा रुसवा आहे. पण आठवडा झाला, दुसरा लागला. एक गृहस्थ पोरीच्या स्थळासाठी दोनदा येऊन हात हलवत परत गेले. "कोन आलं ते दिसलं नाई, म्हनजे नाई आलं. मी सोडलं भाऊ," एवढंच उत्तर. शेवटी मी आत मामींकडे गेलो आणि जरा तावातच म्हणालो, "मामी, एका मालिकेपायी असं करतं का कोणी? पोरखेळ आहे का हा?"

मामी चहा गाळत होत्या. गाळणं तसंच धरून म्हणाल्या, "यायले नांदुऱ्याच्या फलाटावरून आनलं, ठाऊक हाय का तुमाले?"

मला ठाऊक नव्हतं.

"सासरे कापूस घेऊन गेले होते तिकडं. परत येतानी टेसनवर हे दिसले. असतीन चारेक वर्साचे. गाव विचारलं तं रडे, बापाचं नाव विचारलं तं रडे. सासरे दोन दिवस बसले तिथी, कोनी येईन म्हनून. गाडी आली का हे उठून उभे राहे. कोनी आलं नाई. मंग घरी आनलं, सोताचं आडनाव देल्लं." मामींनी कप माझ्यापुढे सरकवला. "लोकायचे कान पाह्यते म्हनून हासता न तुमी? ते सोताचे कान धुंडते सर. साऱ्या तालुक्यात धुंडले."

मला माझीच लाज वाटली. तो चहा गोड होता की फिका, आता सांगता येणार नाही.

बाहेर आलो तर मामांनीच हाक मारली. "सर, तुमाले इंग्रजी येते. त्या मालिकावाल्यायले एक कागद लिवा. दार कायचं, हॉल कोठचा, ते नका इचारू, ते त्यायचं त्यायले राहू द्या. सात नंबरले न्यायले कोन आलं, तेवढंच कळवा म्हना. मी कोनाले सांगत नाई."

मी लिहिलं, मनापासून लिहिलं आणि वैष्णवीने पाठवलं. उत्तर कशाला येतंय? पण मामा रोज शाळेच्या वाटेवर विचारायचे, "आला का कागद?" रोज 'नाही' म्हणावं लागायचं. पंधरा दिवसांनी मला राहवलं नाही. मी कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन वर निळ्या दाराचं चित्र टाकलेलं झकास इंग्रजी पत्र तयार केलं, छापून आणलं आणि मामांसमोर बसून मराठी करून वाचलं.

"आपले पत्र मिळाले. आपली कळकळ पाहून आम्हाला फार आनंद झाला. ही गोष्ट आम्ही जगात कोणालाही सांगितलेली नाही, परंतु आपल्याला सांगतो, की सात नंबरला न्यायला त्याची बहीण आली होती. ती पुष्कळ वर्षं त्याला शोधत होती. कळावे, लोभ असावा."

मामांनी पत्र हातात घेतलं. उलटसुलट पाहिलं, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

"सर, हे तुमीच लिवलं न?"

"नाही हो मामा! तिकडूनच आलं, शपथ!"

"तिकडच्या लोकायले 'लोभ असावा' कुठून येते?"

मी मान खाली घातली. आता हा माणूस माझ्याशी जन्मात बोलणार नाही, असं वाटलं.

"पन बहीन लिवली, ते बरं केलं," मामा म्हणाले. "माय लिवली असती तं मी मानलं नसतं. मायले एवढा टाईम लागत नाई."

समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला. तो गेल्यावर मामांनी विचारलं,

"मोठी का लहानी?"

"अं?"

"बहीन. मोठी होती का लहानी?"

"मोठी," मी म्हणालो.

"हाव. मोठीच असन," मामा म्हणाले. "लहानीले कोन सांगन, तुले एक भाऊ होता म्हनून."