देल्फिनोकडे अडकलेली माता

गुरुवारी संध्याकाळी कासिल्दाकाकू मारियामातेला छातीशी धरून दारात उभी राहिली, तेव्हाच देल्फिनोने खरं काय ते सांगून टाकायला हवं होतं. पण काकूसमोर खरं बोलण्याची छाती अख्ख्या एल होकोते गावात कुणाला नव्हती.

"घे, आज तुझ्याकडे मुक्काम," काकू म्हणाली. "आणि तिच्यापुढे अंधार ठेवू नकोस. तुझ्या बापाला कधी सांगावं लागलं नाही हे."

माता म्हणजे काचेचं दार असलेल्या लाकडी देव्हाऱ्यातली वीतभर मूर्ती. काकूने आखलेल्या फेरीप्रमाणे ती रोज एका घरी राही. दुसऱ्या दिवशी त्या घरच्याने तिला पुढच्या घरी हातोहात पोचवायची. पुढच्याने घेतली तर सुटलात. नाही घेतली तर ती तुमच्याकडेच.

खोगिरं शिवणाऱ्या देल्फिनोने चर्च सोडलं त्याला वर्ष होत आलं होतं. आता तो पास्टर अबेलार्दोंच्या सभागृहात जाई. तिथे प्रार्थना येशूचीच, पण मूर्ती वर्ज्य. त्यामागे फार मोठा विचार होता असं नाही. सभागृहातल्या खुर्च्यांना पाठ होती, आणि तिथे दारू सोडवत. दारूपायीच त्याची बायको एर्मिनिया माहेरी जाऊन बसली होती. तिचा निरोप होता, रविवारी पास्टरांबरोबर नदीत उतरून, बुडी मारून बाप्तिस्मा घेऊन बाहेर आलास, तर काठावरूनच तुझ्याबरोबर घरी येते. मात्र त्याआधी शनिवारी पास्टर घर बघून जाणार होते. घरात मूर्ती दिसली की बाप्तिस्मा रद्द.

देल्फिनोने चर्च सोडल्याचं गावभर ठाऊक होतं. काकूच्याही कानावर गेलं होतं, पण तिने ते कानाआड केलं. माणूस मेल्याशिवाय त्याचं घर फेरीतून उठत नाही, असा तिचा साधा हिशेब होता.

शुक्रवारी सकाळी देल्फिनो माता घेऊन शेजारच्या रोसेंदोकडे गेला. रोसेंदोने दार अर्धंच उघडलं.

"अरे, मीपण सोडलं की," तो हळूच म्हणाला. "मुलीच्या सासरचे सगळे सभागृहवाले. काकूला बोलू नकोस हां." दार लावता लावता त्याने पुन्हा डोकं बाहेर काढलं. "आलीच आहे तर माझ्या गुडघ्याचं तेवढं तिच्या कानावर घाल."

पुढच्या घराला कुलूप. माणसं उत्तरेला कामाला गेलेली. त्यापुढे फिदेलिना राहायची. तिने ना चर्च धरलं होतं, ना सभागृह.

"मी कुठेच जात नाही, भाऊ. रविवारी झोपते. तीस वर्षं तांबडं फुटायच्या आत उठले, पुरे झालं," ती म्हणाली. मातेला तिने घरात घेतलं नाही, पण अंगणातली झेंडूची फुलं तोडून देव्हाऱ्यात खोचली, वर दोन मेणबत्त्या दिल्या. "तुझ्याकडे असणार नाहीत."

असं गावभर हिंडून देल्फिनो माता, फुलं, मेणबत्त्या आणि लोकांची सहा-सात गाऱ्हाणी घेऊन घरी परतला. माता तशीच राहिली, वर सामान वाढलं.

खरा घोळ पुढेच झाला. चर्च सोडलेल्यांना माता स्वतःच्या घरात नको होती, पण तिचं तोंड बघायची ओढ काही सुटली नव्हती. देल्फिनोच्या घरी जाण्यात धोका नव्हता, कारण सभागृहातल्या बंधूकडे कुणी मूर्तीच्या दर्शनाला जाईल असा संशय कोण घेणार? शनिवारी दुपारपर्यंत घराबाहेर रांग लागली. जो तो हातात खोगिराचा तुटका पट्टा घेऊन उभा. ज्यांच्याकडे घोडा नव्हता तेही.

पास्टर येताना दिसले तशी रांग पांगली. देल्फिनोने देव्हाऱ्यावर घोड्याची झूल टाकली. पण मेणबत्त्या जळत होत्या, आणि झुलीला धूर यायला लागला.

"बंधू," पास्टर शांतपणे म्हणाले, "तुमची झूल पेटलीये."

देल्फिनोने झूल ओढली. माता झेंडूत बसून दोघांकडे बघत होती. त्याच्या डोळ्यांपुढे एर्मिनिया नदीकाठावरून पाठ फिरवून माहेरची वाट धरताना दिसली. त्याने काही लपवलं नाही, काकूपासून फिदेलिनापर्यंत सगळं सांगून टाकलं.

पास्टरांनी मान वर करून छताकडे पाहिलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो डोंगरावर दोन दिवस असाच लागला होता.

"नदीला पाणी किती आहे?" त्यांनी विचारलं.

"सकाळी कंबरेएवढं होतं. उद्या छातीला लागेल."

"मागच्या खेपेला माझी चप्पल वाहून गेली." पास्टर खुर्चीवर टेकले. "बंधू, मला पोहता येत नाही. हे सभागृहात कुणाला ठाऊक नाही."

पास्टर उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "घरात मूर्ती ठेवणं चूकच आहे. सोमवारी ही इथून हलली पाहिजे."

"आणि उद्याचा बाप्तिस्मा?"

"ठरल्या वेळी. तुमच्या मंडळींना यायला सांगा." त्यांनी छत्री उघडली, पण पाय उंबऱ्यातच अडखळला. "दार नीट लावून घ्या. वारा आहे. एक मेणबत्ती विझत आलीये."