डेडस्टॉक क्रमांक ४१२

खोपोलीजवळच्या एका संशोधन संस्थेत लोखंडापासून बनवलेला एक अतिसंवाहक दाखल झाला. आकार नखाएवढा. पुरेसा गार केला की त्यातून वीज विनारोध वाहते. जबर चुंबकापुढे त्याचे भाऊबंद मान टाकतात. हा तग धरतो, असे तिथल्या संशोधक तेजश्रीचे म्हणणे होते. ते तिला त्याच दिवशी सिद्ध करायचे होते, कारण चुंबक गार ठेवणारे हेलियम पाचला संपणार होते आणि पुढचे वर्षभर मिळणार नव्हते.

"लोखंडी वस्तू आहे ना मॅडम? मग डेडस्टॉक रजिस्टरला चढणार," भांडारपाल साईनाथ म्हणाले. "नंबर टाकल्याशिवाय बाहेर नाही. आम्ही मोठ्या साहेबांच्या घंटीवरही टाकलाय."

"ऑइलपेंटचा नंबर त्या थंडीत टिकणार नाही हो."

"मग ठोकून घालू. सखा, खिळा आण रं."

शिपाई सखा कळंबचा. लग्नसराईत भांड्यांवर नावे घालण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्याने नमुना उजेडात धरला.

"ताई, लय बारीक हाय. 'सप्रेम भेट' नाय मावायचं."

"नुसता नंबर घाल."

टक्, टक्, टक्. तेजश्रीने डोळे मिटून घेतले. साडेचारला खड्ड्याखड्ड्यांचा ४१२ चुंबकात गेला.

पाचला दहा कमी असताना तिने आकडे पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. नमुना अपेक्षेच्या दुप्पट वीज वाहत होता.

"असं कसं?" साईनाथांनी विचारले.

"चुंबकाचे बारीक भोवरे आत शिरतात. ते हलले की रोध येतो. सखाभाऊंनी केलेल्या इजेत ते अडकून बसलेत, म्हणून वीज बिनबोभाट चाललीय."

साईनाथांनी हे शब्दशः वर कळवले. वरच्यांना ते चटकन कळले, हीच चिंतेची बाब. आठवड्यात परिपत्रक आले: 'सदर तत्त्व अभ्यागतांस लागू करण्यात येत आहे. प्रत्येकास क्रमांक देऊन जागीच अडकवून ठेवावे, जेणेकरून कामकाज विनारोध वाहील.' कचेऱ्याकचेऱ्यांत बाक आले.

प्रयोग पुन्हा करून दाखवा, असेही त्यात होते. हेलियमचा अर्ज घेऊन भांडारात आलेल्या तेजश्रीला ८७ नंबर मिळाला. दोन तासांनी ती चौकशीला उठली.

"बसा वो ताई," सखा हळूच म्हणाला. "तुमीच सांगितलंत ना, हललं की रोध येतो."

ती बसली. आपणही कुठल्यातरी बाकावर नंबर धरूनच हे वाचत असाल. उठू नका. तुम्ही बसलात म्हणून तर आत सगळे सुरळीत चालले आहे.