अंगातली साखर

शशिकांत पांढरीपांड्यांनी दवाखान्याचा जिना उतरता उतरता ठरवून टाकलं, की हे कोणालाही सांगायचं नाही. जिना सतरा पायऱ्यांचा होता आणि निर्णय नवव्या पायरीवर झाला. उरलेल्या आठ पायऱ्यांत फेरविचार करता आला असता. पण पांढरीपांडे जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात अप्पर डिव्हिजन क्लार्क होते, आणि एकदा शेरा मारलेली फाईल पुन्हा उघडायची त्यांना सवय नव्हती.

डॉक्टर एवढंच म्हणाले होते: रक्तात साखर आहे, बरीच आहे. गोड बंद, रोज चालायचं, सकाळी ही गोळी. "आणि गोळी घेतली की अर्ध्या तासात खायलाच हवं. उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाईल. घाम फुटेल, हातपाय कापतील, बोलणं अडखळेल. घरच्यांना सांगून ठेवा." यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं पाळायचं, असं पांढरीपांड्यांचं ठरलं. (शेवटचं वाक्यच सगळ्यात स्वस्त आणि सोपं होतं, हे त्यांना फार उशिरा कळलं.)

न सांगण्याला कारण होतं. त्यांच्या वडिलांना, भाऊरावांना, हाच आजार होता. अखेर उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. भाऊरावांनी उभ्या जबलपुरातल्या मराठी मंडळींची नाटकं बसवली होती, गणपतीत त्यांच्या आवाजाला माईक लागत नसे. पण पाय गेल्यावर सहा वर्षं लोक घरी यायचे ते भाऊरावांना भेटायला नव्हे, नसलेला पाय बघायला. "कसं काय आता?" विचारायचे आणि पलंगाच्या त्या रिकाम्या टोकाकडे बघायचे. पुढच्या नाटकाचं कोणी एकदाही विचारलं नाही. शशिकांत तेव्हा खुर्च्या मांडत आणि चहा देत असत. तो चहा देताना त्यांनी जे पाहिलं, ते जिन्याच्या नवव्या पायरीवर त्यांच्यासमोर उभं राहिलं.

गुपित दुसऱ्या दिवशी अकरा वाजताच धोक्यात आलं, आणि टिकवायला त्यांना खोटं बोलावं लागलं.

झालं असं, की शेजारच्या टेबलावरच्या तुळशीरामजींना प्रमोशन मिळालं. तेच प्रमोशन, ज्यावर पांढरीपांड्यांचाही डोळा होता, हे अख्ख्या सेक्शनला माहीत होतं. तुळशीरामजींनी खोव्याच्या जिलब्या आणल्या, काळ्याभोर, पाकात निथळणाऱ्या, आणि पहिली जिलबी घेऊन ते अठरा वर्षांच्या मित्राकडे आले.

"लो, पांडेजी!" (पांढरीपांडे हे आडनाव कारखान्यात कोणाच्या तोंडात मावत नसे. पगाराच्या पत्रकावर तेवढं ते पूर्ण लिहिलेलं असे.)

"नहीं, आज नहीं."

"थोड़ी तो लो."

"मन नहीं है, तुळशीरामजी."

सेक्शनमधले टाइपरायटर थांबले. तुळशीरामजींचा हात हवेतच राहिला आणि चेहरा हळूहळू पडला. "अच्छा," ते म्हणाले. "मतलब आपको बुरा लगा. हमने नहीं सोचा था कि आपको बुरा लगेगा."

आता अठरा वर्षांची मैत्री एका जिलबीपायी तुटू द्यायची, की खरं सांगायचं? पांढरीपांड्यांनी तिसराच मार्ग काढला. "वैसा नहीं है," ते म्हणाले, "मन्नत मानी है. नर्मदा मैया की. ज्योती का ब्याह तय होने तक मीठा छोड़ दिया."

तुळशीरामजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ती जिलबी डब्यात परत ठेवली, डबा बंद केला आणि पांढरीपांड्यांना मिठी मारली. संध्याकाळी पांढरीपांडे सायकलवरून घरी पोचायच्या आत तुळशीरामजींच्या पत्नीने ही बातमी भाजीबाजारात पांढरीपांड्यांच्या बायकोला, विभावरीबाईंना, सांगितलेली होती.

विभावरीबाई दारातच उभ्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "चोवीस वर्षं झाली लग्नाला. तुम्ही देवासमोर हात जोडता तेही मी ढकलल्यावर. आणि मुलीसाठी एवढा मोठा नवस बोललात, मला सांगितलंही नाही?" आणि त्यांनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी नजर पांढरीपांड्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर मिळाली नव्हती. अशा नजरेला "मी खोटं बोललो" म्हणून उत्तर द्यायला काळीज वाघाचं लागतं. पांढरीपांड्यांचं क्लार्कचं होतं.

ज्योतीला मात्र हे पटलं नाही. ती बी.एड. करत होती. "बाबा, ये क्या बात हुई? लग्न माझं, आणि मन्नत तुम्ही करून राहिले? मला विचारलं पण नाही."

"अगं, नवस विचारून थोडाच बोलतात?"

"मग आता मी लग्न नाही केलं तर तुम्ही जन्मभर गोड खाणार नाही?"

पांढरीपांड्यांना ही कल्पना एकदम आवडली, पण तसं बोलून दाखवता येईना.

नवसाची कीर्ती पसरायला लागली आणि त्या कीर्तीवरूनच स्थळ आलं. सिहोऱ्याचे शालिग्राम वैरागडे, बियाण्यांचे व्यापारी. मुलगा रत्नाकर रेल्वेत होता. "ज्या घरात बाप मुलीसाठी तोंडाची चव सोडतो," वैरागडे म्हणाले, "ते घर आम्हाला पायजे." रत्नाकर कमी बोलणारा, पण बोलला की नेमका. दोन भेटींत ज्योतीचा विरोध मावळला, आणि तिसऱ्या भेटीनंतर ती आरशासमोर जास्त वेळ उभी राहायला लागली.

इथे खरा पेच पडला. आता आजार सांगायचा म्हणजे नवस खोटा ठरणार, आणि त्याहून वाईट म्हणजे वैरागडे विचारणार: बापाला आहे, आजोबांना होता, मुलीचं काय? आधी पांढरीपांडे स्वतःच्या लाजेपायी गप्प होते. आता मुलीपायी गप्प राहिले. ते सकाळी लपून गोळी घेत. गोळ्या शेव्हिंगच्या डब्यात असत. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते पायाचे अंगठे हलवून बघत, दोन्ही आहेत ना.

साक्षगंध सदर बाजारातल्या एका हॉलमध्ये ठरलं. आदल्या दिवशी विभावरीबाईंनी जाहीर केलं, "उद्या अंगठ्या घालून झाल्या की सगळ्यांसमोर तुमचा नवस फेडायचा. तुळशीरामजी स्वतः जिलब्या आणून राहिले. आणि उपाशी पोटीच फेडायचा बरं का, सकाळपासून पाणीसुद्धा विचारून."

पांढरीपांड्यांनी विचार केला, की कार्यक्रम दहाचा, साडेदहाला एक जिलबी खाऊ, तोवर काय होणार? सकाळी आठ वाजता सवयीने त्यांनी गोळी घेतली.

सिहोऱ्याहून निघालेली वैरागड्यांची बस वाटेत बंद पडली. दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. मंडळी पोचली तेव्हा साडेबारा वाजले होते, आणि पांढरीपांडे खुर्चीवर घामाने निथळत होते. जानेवारी महिना होता.

विहिणीचं स्वागत करायला ते उठले. गुडघे लटलट कापत होते. "यायाया," असं काहीसं त्यांच्या तोंडून निघालं आणि ते मटकन खाली बसले. मान डुलायला लागली, हात थरथरायला लागले. समोरचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे दिसत होते.

वैरागड्यांची बहीण, बेबीआत्या, ही अनुभवी बाई होती. तिने एका नजरेत ओळखलं. "अगंबाई! अंगात आलं!" ती ओरडली. "नर्मदामाय आली! नवस पुरा झाला ना, म्हणून आली माय!"

हॉलमधल्या बाया सरसावून पुढे आल्या. कोणी कुंकू लावलं, कोणी पदर पसरला. विभावरीबाई घाबरून हात जोडून उभ्या. बेबीआत्याने पांढरीपांड्यांचे पाय धरले. "बोल माय, काय पायजे तुला?"

पांढरीपांड्यांच्या मेंदूत एकच शब्द शिल्लक होता. "साखर," ते पुटपुटले. "साखर... लवकर..."

"मायला साखर पायजे!" आत्याने हाक दिली. क्षणात वाटीभर साखर आली आणि बायांनी चिमटी चिमटीने देवीच्या मुखात घातली. कोणीतरी वर साखरेचं पाणीही पाजलं. डॉक्टर असता तर त्याने दुसरं काही केलं नसतं. फरक इतकाच, की त्याने कुंकू लावलं नसतं.

दहा-पंधरा मिनिटांत चेहरे पाण्यावर आले. कापरं थांबलं. पांढरीपांड्यांना दिसलं, की हॉलमधली शंभर माणसं हात जोडून त्यांच्यापुढे उभी आहेत, आणि पायाशी ज्योती बसली आहे, त्यांचं एक पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरून, रडत. देवीवर तिचा विश्वास नव्हता. ती बापासाठी रडत होती.

"माय," बेबीआत्या म्हणाली, "आता एक सांग. हे स्थळ मान्य आहे ना तुला?"

सगळ्यांनी कान टवकारले. शालिग्राम वैरागडेसुद्धा पुढे झुकले. एक "हो" म्हटलं की काम होतं. लग्न पक्कं, नवस पवित्र, आजार गुपचूप. पांढरीपांड्यांनी तोंड उघडलं, ज्योतीकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण आता खोटं बोललो तर ते देवीच्या तोंडून बोलल्यासारखं होईल.

"माय नाही हो," ते म्हणाले. "शुगर आहे. मला शुगर आहे."

"अजून साखर आणा!" आत्या ओरडली.

"नको! साखर नको! साखर जास्त आहे मला!"

"अहो, आताच तर तुम्हीच मागितली!"

"तेव्हा कमी झाली होती!"

"मग जास्त आहे का कमी आहे?" वैरागड्यांनी व्यापारी माणसासारखं विचारलं.

"जास्त आहे, म्हणून गोळी घेतो. गोळी घेऊन खाल्लं नाही, म्हणून कमी झाली. डायबिटीस आहे मला. नवस वगैरे काही बोललो नव्हतो. वडिलांनाही होता. पाय गेला त्यांचा." एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. "सांगायची हिंमत झाली नाही. चूक माझी आहे. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं."

तुळशीरामजींच्या हातातला जिलब्यांचा डबा हळूच पाठीमागे गेला. वैरागडे पायाशी बसलेल्या ज्योतीकडे वळले. मग विचारलं, "आणि पोरीला?"

ज्योती उठली. डोळे पुसले. "मला आज नाही, काका. पुढे होऊ शकते. झाली तर मी लपवणार नाही, एवढं सांगते."

तेव्हा सकाळपासून गप्प असलेला रत्नाकर बोलला. "बाबा, आजीला पण होती ना."

"तिला म्हातारपण होतं."

"तिला रोज इंजेक्शन होतं, बाबा. मीच न्यायचो तिला कंपाउंडरकडे."

वैरागड्यांनी मुलाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. बेबीआत्या एकाएकी कुंकवाची डबी आवरायला लागली. "बस," वैरागडे म्हणाले, "भूक लागली आहे. आधी आमच्या याहीबुवांना जेवायला वाढा, मग अंगठ्या."

घरी परतेपर्यंत दुपार कलली होती. विभावरीबाई पायरीवर बसून पातेली निथळत ठेवत होत्या, जरा जास्तच आवाज करत. पांढरीपांडे जवळ जाऊन उभे राहिले.

"रागावलीस?"

"मला काहून नाही सांगितलं?"

पांढरीपांड्यांनी मग वडिलांचं सांगितलं. पलंगाचं ते टोक, येणारे लोक, चहाचे कप. "वाटलं, उद्या तूही माझ्याकडे तसंच बघशील."

"मी?" विभावरीबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "तुमच्या पायाच्या बोटाला कुरूप झालं तेव्हा महिनाभर मलम मीच लावून राहिले ना? तुमच्या पायात बघायला काय आहे हो एवढं?" मग थोड्या थांबून म्हणाल्या, "तुम्ही नवस बोललात त्या दिवसापासून मीही साखर सोडली. चहातसुद्धा घेतली नाही."

"तू? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही एकटेच काहून सोसावं, म्हटलं. आणि सांगायचं काय त्यात?"

पांढरीपांडे त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले. मग विभावरीबाईंनी विचारलं, गोळ्या कुठे ठेवता? शेव्हिंगचा डबा ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, आणि गोळ्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी नेऊन ठेवल्या.

त्यानंतर पांढरीपांडे बदलले. ते सगळ्यांना सांगत सुटले. सेक्शनमध्ये त्यांनी स्वतः उभं राहून सांगितलं, गोळी, जेवण, घाम, सगळं. तुळशीरामजी दोन दिवस अबोला धरून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाजलेले चणे आणले आणि म्हणाले, "पांडेजी, मन्नत झूठी थी, पर हमारे आँसू सच्चे थे. इतना याद रखिए." तिघांनी कारल्याचा रस सुचवला, दोघांनी जांभळाच्या बिया. पाय मात्र कोणी पाहिला नाही. सांगणं एवढं सोपं होतं, असं पांढरीपांड्यांना आता वाटायला लागलं, आणि लोकांना हे नीट समजावणं हे आपलं कर्तव्यच आहे, असंही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दारात एक म्हातारी उभी राहिली. पार कुंडमहून आली होती, दोन बस बदलून. हातात नारळ आणि पुडीत साखर. "भैया, यहीं आती हैं न मैया?"

पांढरीपांड्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अगदी मनापासून, कागदावर रेघा काढून समजावलं, की ती देवी नव्हती, तो डायबिटीस होता. रक्त म्हणजे काय, साखर वर कशी जाते, खाली कशी येते, घाम का फुटतो. अर्धा तास ते बोलत होते. इतकं छान ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. म्हातारीने एकेक शब्द लक्ष देऊन ऐकला, मध्ये मध्ये मानही हलवली.

"समझ गई, भैया," ती शेवटी म्हणाली. नारळ उचलला, साखरेची पुडी पदरात बांधली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत हळूच विचारलं, "तो घर में और किसी पर नहीं आतीं?"