लग्नपत्रिकेएवढी फट

फीलर गेज विकत घ्यायचं नाही, हा निर्णय शहाद्याच्या कय्युम मिस्त्रीने लग्नानंतर आठव्या दिवशी घेतला, आणि तीस वर्षं पाळला. एवढा टिकलेला त्याचा दुसरा निर्णय नाही.

झालं असं होतं, की पातळ पोलादी पट्ट्यांचं ते गेज त्याच दिवशी हरवलं. समोर एक इंजिन उघडून पडलेलं, पिस्टनच्या रिंगा बसवायच्या. आता रिंग म्हणजे अखंड बांगडी नव्हे, ती एका जागी कापलेली असते, आणि सिलिंडरमध्ये बसवल्यावर त्या दोन टोकांत नेमकी फट राहावी लागते. ती मोजायची कशानं? कय्युम घरात गेला. माळ्यावर लग्नपत्रिकांचा मोठा गठ्ठा पडला होता. "ने, त्या काही कामाच्या नाहीत," असं अब्बा खालूनच म्हणाले. एका पत्रिकेची पट्टी कापून त्यानं फटीत सरकवली. ती अडत अडत, पण गेली. इंजिन असं चाललं, की (कय्युमच्या सांगण्यानुसार) ते बंद करायला मालकाला शेजारच्या दोघांना बोलवावं लागलं.

तेव्हापासून तोच गठ्ठा. पत्रिका उर्दूत छापलेल्या, आणि कय्युम मराठी शाळेत सातवीपर्यंत गेलेला, त्यामुळे त्या अक्षरांचं त्याला लांबूनच कौतुक. स्वतःच्या लग्नाच्या इतक्या पत्रिका उरल्याच कशा, हा प्रश्न त्याला पडला नाही. उलट त्याचं एक तत्त्वज्ञानच तयार झालं. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं, की तो तेलकट पट्टी वर धरून सांगायचा, "इंजिन तपनं का रिंग फुगस. जागा नही ऱ्हायनी तर टोक टोकले भिडस आनि तुटस. घरनंबी तसंच शे, दादा. थोडी फट ऱ्हावाले पाहिजे. ही मन्हा लगीननी फट शे."

हे ऐकून आत शिवणयंत्रावर बसलेली त्याची बायको अख्तरबानो यंत्राचा वेग वाढवायची. त्या आवाजात पुढचं प्रवचन बुडायचं.

यंदा उन्हाळ्यात गठ्ठा संपला. शेवटची पट्टी तेल पिऊन पिऊन पापडासारखी मोडली, आणि नेमकी तेव्हाच इंद्रसिंगची जीप आली. इंद्रसिंग धडगावकडचा, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याची रिना नर्स झाली होती, आणि डोंगरातल्या एका उपकेंद्रावर तिला सोमवारी दहाच्या आत हजर व्हायचं होतं. सामानासकट घाट चढायचा तो याच जीपनं. कय्युमनं शब्द दिला, की शनिवारी दुपारी गाडी तयार.

अख्तरबानो बहिणीकडे प्रकाशा गावी गेली होती. कय्युमनं विचार केला, लग्नपत्रिका ती लग्नपत्रिका. दोन वर्षांपूर्वी लेकीचं, महजबीनचं लग्न झालं होतं. त्यातली एक कपाटात सापडली, मखमली, सोनेरी अक्षरांची. तिची पट्टी फटीत जाईना. बोटांनी त्याला तेव्हाच सांगितलं, की हे जरा जाड लागतंय. पण बोटांचं वय झालं असेल, असं म्हणून त्यानं रिंगांच्या कंपनीला नावं ठेवली आणि कानस घेतली. चार सिलिंडरच्या बाराच्या बारा रिंगा त्यानं मखमली पट्टी फटीत जाईपर्यंत घासल्या.

शनिवारी जीप सुरू झाली आणि समोरचं चहाचं दुकान दिसेनासं झालं. निळा धूर बसस्टँडपर्यंत गेला म्हणतात. इंद्रसिंग शांतपणे स्टुलावर बसला होता. "मिस्त्री," त्यानं विचारलं, "जीप चाली ऱ्हायनी का जळी ऱ्हायनी?"

तीस वर्षांत पहिल्यांदा कय्युमला आपल्या हातांकडे बघावंसं वाटेना. हात गेले तर मिस्त्रीचं उरतं काय? आणि परवा ती पोर घाटात, धुरात, सामानाच्या पेटीवर बसून राहील.

तेवढ्यात अख्तरबानो परतली. तिनं धूर पाहिला, मग जमिनीवर पडलेली पट्टी उचलून चष्म्याजवळ नेली. "पोरनं लगीन जाडं, म्हनीसन फट बी जाडी का?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. आली ती शिवणाच्या डब्यातली एक जुनी उर्दू पत्रिका घेऊन. गळ्याचा आकार काढायला ती हीच वापरायची.

कय्युमचे डोळे भरून आले. "तू आपला लगीननं कार्ड इतलं जपी ठेवं?"

अख्तरबानो काही बोलायला गेली, पण त्याच्या हातांकडे पाहून थांबली. "आधी जीप करा," ती म्हणाली.

नव्या रिंगा संध्याकाळच्या आत आल्या. रविवारी सकाळी दोघं बसले. तो पिस्टननं रिंग सरळ ढकलायचा, ती चष्मा लावून पट्टी घालायची आणि नुसती मान हलवायची, पुरे किंवा अजून थोडं. एकदाही भांडण झालं नाही. (हे मी शपथेवर सांगतो, बाकी कशाबद्दल आग्रह नाही.) ऊन उतरता उतरता इंजिन सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. इंद्रसिंग गाडी घेऊन गेला.

सोमवारी साडेनऊला त्याचा फोन आला. रिना पोचली होती. कय्युमनं छाती फुगवून बायकोला सांगितलं, की शेवटी आपल्या लग्नानंच घाट चढवला.

"आपलं नही," अख्तरबानो सुईत दोरा ओवत म्हणाली. "ते जाहिदभाईंनं कार्ड शे. मोडेल लगीननं. म्हनीसन तर गठ्ठा उरना."

जाहिद म्हणजे कय्युमचा थोरला भाऊ. पत्रिका छापून झाल्यावर मुलीकडच्यांनी नकार दिला, आणि तो सुरतेला निघून गेला तो एकटाच राहिला.

"मंग आपलं कार्ड?"

"आपलं कोठे छापं? तुम्हना अब्बानी घरोघर जाईसन तोंडीच सांगं. पहिलं मोडनं म्हनीसन भ्याई गयथात."

म्हणजे तीस वर्षं सातपुड्यातली निम्मी इंजिनं चालली ती न झालेल्या लग्नाच्या फटीवर. कय्युम उठला आणि बाजारात जाऊन फीलर गेज घेऊन आला. मोजून पाहिलं, तर पत्रिका तसूभरही चुकलेली नव्हती. याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

आठ दिवसांनी इंद्रसिंग स्वतः हजर. रिनाचं लग्न जमलं होतं, आणि मिस्त्रीच्या संसाराची ती शुभ पट्टी घरच्यांना मांडवात बांधायला हवी होती. कय्युमनं घाबरून आत पाहिलं.

शिवणयंत्र थांबलं.

"दी टाका ना," अख्तरबानो म्हणाली. "त्या कार्डले बी एखादं तरी लगीन पाहू द्या."